आधीचं इमर्जन्सी सिझर झालंय, आता नॉर्मल होईल का? कुठून सुरुवात करायची ते सांगते

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते, अमळनेरकडे. झोक्याखाली बायका जमल्या की विषय कुठून कुठे जातो तुम्हाला माहितीच आहे. शेजारची पोर चार महिन्यांची गरोदर, पहिलं सिझर, तेही ऐनवेळी झालेलं. तिने नुसतं विचारलं की यावेळी नॉर्मल होऊ शकतं का, तर एक आजी लगेच म्हणाल्या, "एक डाव पोट फाडं ना, मंग आते परत फाडनंच पडी." दुसऱ्या म्हणाल्या की त्यांच्या सुरतच्या भाचीचं झालं नॉर्मल, "व्हई जाई वं, काय भेव शे त्यामां." पोर दोघींच्या तोंडाकडे बघत बसली. मला वाटलं दोघी सारख्याच चुकताय, कारण दोघी दुसरीच्या पोटाकडे बघून हिच्या पोटाचा निकाल देत होत्या.

तिला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही आणि माझं स्वतःचं दुसऱ्या वेळी नॉर्मल झालेलं नाही. मी प्रयत्न केला, कळा आल्या, सात सेंटीमीटरपर्यंत पिशवीचं तोंड उघडलं आणि मग बाळाचे ठोके घसरायला लागले म्हणून सिझरसाठी आत नेलं. माझ्या वहिनीचं मात्र पहिल्या सिझरनंतर धुळ्याला मस्त नॉर्मल झालं. म्हणजे घरात दोन्ही प्रकार बघितलेत, तेव्हा "करून दाखवा" असला जोश माझ्याकडून मिळणार नाही आणि भीतीही मिळणार नाही.

आधीच्या सिझरनंतर नॉर्मल होण्याला डॉक्टर लोक व्हीबॅक म्हणतात. केसपेपरवर कधी ट्रायल असंही लिहितात, म्हणजे कळा येऊ देऊन बघू, जमलं तर नॉर्मल, नाही तर सिझर. हा ट्रायल शब्द मला बरा वाटतो, निदान खोटं आश्वासन तरी देत नाही.

सगळ्यात आधी जुना कागद

डॉक्टर शोधण्याच्या आधी, सोनोग्राफीच्या आधी, कपाट उघडा आणि पहिल्या बाळंतपणाची फाईल काढा. बहुतेकींकडे डिस्चार्ज कार्ड असतं, त्यावर तारीख, बाळाचं वजन आणि औषधं एवढंच. तेवढ्याने भागत नाही. आपल्याला हवी ती ऑपरेशनची नोंद, म्हणजे आत नेमकं काय केलं ते डॉक्टरांनी लिहिलेलं पान. ते दवाखान्याकडे असतं, आपल्याला आपोआप देत नाहीत, मागावं लागतं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने मागितल्यावर 72 तासात कागद द्यायचे असतात, आणि ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचं असतं. हे तीन वर्षांचं लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे दोन पोरांत तीन-चार वर्षं सहज जातात आणि मग तिथला माणूस म्हणतो मॅडम आता जुनं काही नाही. मला तर रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं असं सांगितलं होतं, जळगाव जिल्ह्यात, मे महिन्यात! चौथ्या फेरीला फाईल निघाली, कोरडी ठणठणीत. तुमचं पहिलं सिझर होऊन वर्षच झालं असेल आणि दुसऱ्याचा अजून विचारही नसेल तरी आजच मागून ठेवा.

त्या पानावर काय बघायचं. पहिली गोष्ट छेद कसा होता. एलएससीएस असं लिहिलेलं असेल तर पिशवीच्या खालच्या भागात छेद, बहुतेकींचा हाच आणि आडवा असतो, आणि नॉर्मलचा विचार होतो तो याच छेदावर. उभा छेद असेल, किंवा आडवा घेऊन वर परत उभा वाढवावा लागला असेल (हे फार कमी वजनाच्या, फार लवकर काढलेल्या किंवा आडव्या बाळाच्या वेळी होऊ शकतं), तर नॉर्मलचा विषय बहुतेक तिथेच संपतो, कारण तो टाका कळांमध्ये उघडायची भीती कितीतरी पट जास्त. आणि कृपया पोटावरची खूण बघून ठरवू नका. वरून कातडीचा छेद आडवा असला म्हणजे आत पिशवीचाही आडवाच असं नसतं. कातडी वेगळी, पिशवी वेगळी. माझ्या सासूबाई मला कितीदा तरी सांगायच्या की तुझी खूण बारीक आहे म्हणजे टाके पक्के आहेत.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे वाक्य आजींचं वाटतं ना, पण ते 1916 मध्ये एडविन क्रेगिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहिलेलं आहे. तेव्हा पिशवीवर उभा छेदच घ्यायचे, त्यामुळे त्याचं त्या काळापुरतं बरोबरही होतं. नंतर छेद बदलला, वाक्य तेवढं राहिलं.

दुसरी गोष्ट कारण. इमर्जन्सी सिझर का झालं? ही गोष्ट बायकांना स्वतःलाच नीट माहिती नसते, कारण त्या रात्री कोणी समजावून सांगत नाही. माझ्या वेळी रात्री पावणेतीनला सही घेतली, वीस मिनिटात आत, आणि दुसऱ्या दिवशी राऊंडला "ठोके कमी झाले होते" एवढं एकच वाक्य. कारणं ढोबळ दोन जातीची. एक, त्या वेळेपुरती: बाळ पायाळू होतं, ठोके घसरले, वार खाली होती, नाळ बाहेर आली. ही परत होतीलच असं नाही, आणि अशा बायकांचं पुढचं नॉर्मल व्हायची शक्यता चांगली असते. दुसरी जात म्हणजे कळा असूनही पिशवीचं तोंड पुढे उघडलंच नाही किंवा बाळ खाली सरकलंच नाही. यात शक्यता कमी होते, पण संपत नाही. कितीतरी कागदांवर "मार्ग लहान" असं लिहिलेलं असतं आणि त्या बायकांनी पुढे त्याहून मोठं बाळ नॉर्मल दिलेलं असतं, कारण पहिल्या वेळी बाळाचं डोकं वाकडं बसलं होतं किंवा कळा आणायची घाई झाली होती. म्हणून नुसतं कारण नाही, किती सेंटीमीटर उघडलं होतं, कळा आपोआप आल्या होत्या का आणल्या होत्या, बाळाचं वजन किती, हेही उतरवून घ्या. छेद घेताना बाजूला फाटला का, ताप आला का, टाके पिकले का, तेही.

नोंद मिळालीच नाही तर? तरी दार बंद नाही. पूर्ण दिवसांचं बाळ, ऐनवेळचं सिझर असेल तर छेद बहुतेक खालचाच असतो, हे डॉक्टरांना माहिती असतं. पण त्यांना स्पष्ट सांगा की कागद नाहीये. अंदाजाने "आडवाच होता" असं ठोकून देऊ नका.

आता आकडे, एकदाच नीट बघून घ्या

एक सिझर झालेल्या आणि ट्रायलसाठी योग्य ठरवलेल्या शंभर बायकांमध्ये साधारण 72 ते 75 जणींचं नॉर्मल होतं. आधी कधीतरी एक नॉर्मल झालेलं असेल (सिझरच्या आधी किंवा नंतर) तर हाच आकडा 85 ते 90 वर जातो, यापेक्षा चांगला शकुन दुसरा नाही. उलट बाजू पण बघा: कधीच नॉर्मल झालेलं नाही, पहिलं सिझर कळा अडकल्यामुळे, वजन बरंच जास्त आणि कळाही आणाव्या लागल्या, हे सगळं एकत्र आलं तर शंभरात चाळीस.

धोका कोणता? जुना टाका कळांच्या वेळी उघडणं, पिशवी फाटणं. कळा आपोआप आल्या तर साधारण दोनशे जणींत एक. कळा औषधाने आणल्या किंवा वाढवल्या तर याच्या दोन-तीन पट. दोनशेत एक हे ऐकायला थोडं वाटतं पण त्या एकीसाठी मिनिटांचा खेळ असतो, बाळाला धोका, आईला रक्तस्राव, कधी पिशवी काढावी लागते. म्हणून हे सगळं मोठ्या सोयीच्या जागीच करायचं. हे आकडे पण अशाच जागांचे आहेत जिथे चोवीस तास ऑपरेशनची सोय असते. गावच्या दोन खोल्यांच्या दवाखान्याला ते लागू होत नाहीत, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

आणि दुसरं सिझर म्हणजे काही बिनधोक रस्ता नाही. ठरवून केलेलं सिझर शांतपणे होतं हे खरं, टाका फुटायची भीतीही जवळजवळ नसते, पण ते परत एक मोठं ऑपरेशन, आतले चिकटलेले थर, बाळाला पहिल्या दिवशी श्वासाचा त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यावर बसून आत रुतायची भीती. प्रत्येक सिझरबरोबर ही भीती वाढत जाते. तिसरं पोर हवं असेल तर हा मुद्दा मोठा आहे, दोनवरच थांबायचं असेल तर लहान. हा हिशोब नवऱ्याबरोबर बसून आधीच करा.

तिसरा प्रकार कोणी मोजत नाही तो म्हणजे माझा: ट्रायल सुरू केली आणि शेवटी सिझर. यात ठरवून केलेल्या सिझरपेक्षा त्रास जास्त असतो, कळाही सोसायच्या आणि टाकेही, ताप आणि रक्तस्रावाची शक्यताही जास्त. शंभरात पंचवीस जणी इथे येतात. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

किती गॅप पाहिजे

लहान उत्तर: दोन बाळंतपणांत दीड वर्षाच्या आत गॅप असेल तर टाका उघडायची भीती वाढते. बाळंतपणानंतर पुढचं दिवस राहायला दोन वर्षं जाऊ द्या असंच सांगतात आणि आईच्या रक्तासाठीही ते बरं. पण कमी गॅपमध्ये राहिलंच असेल तर रडत बसू नका, डॉक्टरांना तारखा सांगा, ते त्याप्रमाणे ठरवतील.

दवाखाना, इथेच खरं सगळं ठरतं

आपल्याकडे बायका डॉक्टर शोधतात, मी म्हणते रात्र शोधा. म्हणजे त्या दवाखान्यात रात्री दोन वाजता काय परिस्थिती असते ते शोधा. दिवसा सगळे दवाखाने चांगलेच असतात. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याच नर्सिंग होममध्ये भूल देणारे सर बाहेरून येतात, एकच सर चार दवाखाने सांभाळतात, आणि ते दुसरीकडे केसमध्ये अडकले असतील तर तुम्ही टेबलावर वाट बघणार. साध्या बाळंतपणात हे खपून जातं, आधीच्या सिझरमध्ये नाही.

हे सरळ विचारा, लाजू नका. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? गरज पडली तर अर्ध्या तासात बाळ बाहेर काढता येतं का? रक्त कुठून येणार, इथेच साठा आहे का जिल्ह्यावरून आणावं लागणार? कळा सुरू असताना ठोक्यांचं मशीन सतत लावून ठेवणार का मधूनमधून? बाळाचे डॉक्टर कोण, काचेची पेटी आहे का? आणि तुम्ही स्वतः मागच्या वर्षी असे किती ट्रायल घेतले, किती नॉर्मल झाले?

"बघू तेव्हा" हे उत्तर आलं तर ते नाही असं समजा. माझ्या पहिल्या डॉक्टर मॅडम मला स्पष्ट म्हणाल्या होत्या की माझ्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नाही म्हणून मी ट्रायल घेत नाही, तुम्ही जिल्ह्याला जा. तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं एवढं खरं बोलणारं दुसरं कोणी भेटलं नाही. जास्त जपून राहायचं ते पहिल्याच भेटीत "हो हो करून टाकू नॉर्मल" म्हणणाऱ्यांपासून, कारण त्यांनी जुना कागद बघितलेलाच नसतो. आणि काही जण हो म्हणत राहतात आणि अडतिसाव्या आठवड्यात अचानक बाळाभोवतीचं पाणी कमी आहे म्हणतात. पाणी खरंच कमी असू शकतं, पण किती ते आकड्यात विचारा, आणि शंका असेल तर दुसरीकडे एकदा दाखवा.

सरकारीला नाक मुरडू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चोवीस तास शिकाऊ का होईना डॉक्टर हजर असतात, रक्तपेढी जवळ. गर्दी आहे, बोलणं तुटक आहे, नातेवाईकाला बाहेर बसवतात, हे सगळं खरं. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी ठिकाणी नॉर्मल असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जायला-यायला गाडी सगळं मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, तिथे डॉक्टर बघतात, आशाताईंना विचारलं की जवळचं ठिकाण सांगतील. वहिनीचं सगळं तिथेच झालं. खाजगीत दाखवत असाल तरी सरकारी ठिकाणी एकदा नाव नोंदवून ठेवा. आपल्याकडे ऐनवेळी "पुढे न्या" म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा पुढे कुठे ते आधीच ठरलेलं बरं.

नऊ महिन्यांत काय काय

दिवस राहिले की सहा-आठ आठवड्यांत एक सोनोग्राफी करा आणि आधीचं सिझर आहे हे तिथे तोंडाने सांगा. गर्भ जुन्या टाक्यात तर रुजला नाही ना हे तेव्हाच दिसतं. क्वचित होतं, पण झालं तर लवकर कळणं फार महत्त्वाचं.

मग 18 ते 20 आठवड्यांच्या मोठ्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते बघा. वर असेल तर सुटलो. खाली आणि पुढच्या बाजूला, जुन्या टाक्याजवळ असेल तर शेवटच्या महिन्यांत परत तपासतात. बऱ्याचदा पिशवी वाढली की वार वर सरकते, पण तोंडावरच राहिली तर नॉर्मल नाही, आणि टाक्यात रुतल्याचा संशय असेल तर तालुक्याला थांबायचंच नाही, मोठ्या ठिकाणी रक्ताची तयारी ठेवून ऑपरेशन लागतं.

टाक्याची जाडी मोजून देणारे पण असतात, इतके मिलीमीटर आहे म्हणजे चालेल, इतके म्हणजे नाही. खरं तर सगळ्या डॉक्टरांना मान्य असा एकच आकडा नाहीये, त्यामुळे नुसत्या त्या मिलीमीटरवर हसू पण नका आणि रडू पण नका.

खाण्याचं थोडक्यात. "दोन जिवांचं खा" म्हणून आपल्याकडे डिंकाचे, मेथीचे लाडू सातव्यापासूनच सुरू होतात, वजन आणि साखर दोन्ही वाढतात, बाळ चार किलोचं होतं आणि मग नॉर्मलची शक्यता स्वतःच्या हाताने कमी केली जाते. लाडू बाळंतपणानंतरचे, आधीचे नाहीत. कळण्याची भाकरी, पालेभाजी, डाळ, दूध, केळी बेताने. साखरेची तपासणी चुकवू नका. हिमोग्लोबिन 11 च्या वर ठेवा, कारण कुठल्याही रस्त्याने गेलं तरी रक्त जाणारच. आणि चालायचं, पण मे महिन्यात दिवस भरत असतील तर भुसावळ-जळगावच्या 45 अंशात दुपारी चालायचं नाही, सकाळी साडेसहाला उरकून घ्या.

शेवटचा महिना: राहायचं कुठे

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज, आणि दुसऱ्यालाही आई म्हणतेच की ये. माहेर धडगाव-अक्कलकुव्याकडे घाटात असेल किंवा चोपडा-यावलच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला असेल तर आईचं प्रेम एकीकडे आणि गाडीचा वेळ एकीकडे ठेवा. छत्तीस-सदतीस आठवड्यांनंतर ठरलेल्या दवाखान्यापासून अर्धा-पाऊण तासाच्या आत राहा, मग ती मावशी असो, नणंद असो की भाड्याची खोली. माझी आई रुसली होती, मग तीच पिशवी भरून जळगावला माझ्याकडे येऊन राहिली. घरी दाई बोलावून करायचा विचार असेल तर तो कायमचा सोडा, आधीच्या सिझरमध्ये घरी बाळंतपण नाही म्हणजे नाही.

याच महिन्यात डॉक्टरांशी तारखेचं बोलणं करा आणि फाईलवर लिहून घ्या. कळा आपोआप आल्या तर ट्रायल, हे सोपं. पण तारीख उलटली आणि कळाच आल्या नाहीत तर? किती दिवस थांबायचं, मग सिझर का कळा आणून बघायच्या? सिझरच करायचं ठरलं तर साधारण 39 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. कळा आणायचं ठरलं तर कशाने हे विचारा. फुग्याची नळी टाकून पिशवीचं तोंड मऊ करण्याचा प्रकार त्यातल्या त्यात बरा समजतात. पण कळा आणण्याची जी मिसोप्रोस्टॉलची गोळी असते ती आधीचं सिझर असलेल्या, दिवस भरलेल्या बाईला देत नाहीत, टाका फुटायची भीती फार वाढते. ही गोळी लहान असते, स्वस्त असते, आणि कुठे कुठे न सांगता दिली जाते. म्हणून सोबत असणाऱ्या माणसाला ते नाव पाठ करून ठेवायला सांगा.

एरंडेल, काढे, कोणी सांगितलेलं चूर्ण, हे कळा याव्यात म्हणून घ्यायचं नाही. बायका प्रेमाने आणून देतात, प्रेमाने बाजूला ठेवून द्या.

कळा सुरू झाल्या

पहिल्या वेळी "घरीच थोडं थांब, फिर, मग जाऊ" चालतं. यावेळी नाही. कळा नियमित यायला लागल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं की निघा. 108 किंवा 102 ला फोन करा आणि पहिलं वाक्य "आधीचं सिझर आहे" हेच. गेटवर, केसपेपर काढताना, नर्सला, ड्युटी बदलल्यावर नवीन आलेल्या डॉक्टरला, प्रत्येकाला तेच वाक्य. फाईल सोबत असली तरी रात्री तीनला फाईल कोणी वाचत नाही.

आत गेल्यावर हाताला सुई लावून ठेवतात, रक्त तपासायला घेतात, खाणं जवळजवळ बंद, पाणी विचारून. ठोक्यांचं मशीन पोटाला सतत. ते पट्टे काचतात, एका कुशीवर पडून कंबर मोडते, पण काढू देऊ नका. टाक्याला काही होत असेल तर बहुतेकदा सगळ्यात आधी बाळाच्या ठोक्यांतच कळतं. दुखणं असह्य असेल तर कमरेतून भूल मागता येते, आधीचं सिझर आहे म्हणून ती द्यायची नाही असं काही नसतं.

तुम्हाला स्वतःला काय जाणवलं तर ओरडायचं ते ऐका. कळ गेल्यावरही टाक्याच्या जागी दुखत राहणं, अचानक काहीतरी सुटल्यासारखी चरचर, चांगल्या चाललेल्या कळा एकदम थांबणं, खालून रक्त, लघवीत रक्त, खांद्यात दुखणं, डोळ्यापुढे अंधारी. "कळाच आहेत, सहन कर" असं कोणी म्हटलं तर परत सांगा, तिसऱ्यांदा सांगा, नवऱ्याला आत बोलवा.

आणि एक, पोटावर दाब देणं. शेवटी बाळ अडलं की कोणी तरी वरून पोट दाबतं, आपल्याकडे सर्रास चालतं आणि बायकांना ते नॉर्मलचाच भाग वाटतो. जुना टाका असलेल्या पिशवीवर हे अजिबात नको. आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, आणि त्या क्षणी सोबतच्या बाईने तोंड उघडायचं. वहिनीच्या वेळी माझ्या आईने उघडलं होतं, तिला नंतर बाहेर काढलं ते सोडा, पण दाब दिला नाही.

आत न्यायचं ठरलं तर

ठोके घसरले, किंवा काही तास झाले तरी तोंड पुढे उघडत नाही, तर डॉक्टर सिझर म्हणतील. तेव्हा "अजून एक तास बघू ना" म्हणणारी मी पण होते. बाहेर नातेवाईकही हाच घोळ घालतात, एक म्हणतो करा, एक म्हणतो पैशासाठी करताय, आणि सही अडकते. सही कोण करणार ते आधीच ठरवा. ट्रायलसाठी जी जागा निवडली ती यासाठीच निवडली होती की आत न्यायला वेळ लागू नये, मग तिथे आपणच वेळ लावून कसं चालेल. पहिल्या वेळेपेक्षा एक फरक मला जाणवला: यावेळी काय होतंय ते मला माहिती होतं, टेबलावर मी शुद्धीत होते, पडद्यापलीकडे बाळाचा आवाज ऐकला आणि वजनही मीच विचारलं, तीन किलो दोनशे.

इथेच एक घरगुती गोष्ट. "सिझरच करा, त्यातच पोरं बंद होण्याचं ऑपरेशन उरकून जाईल" हे वाक्य सासरी हमखास येतं, आणि कितीतरी जणींचा ट्रायल याच एका वाक्याने कॅन्सल होतो. नॉर्मल झालं तरी ते ऑपरेशन सात दिवसांच्या आत लहान छेदातून करता येतं, सिझरची वाट त्यासाठी बघायची गरज नाही. आणि पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी आहे, हे आमच्या ओट्यावर बोलून दाखवलं तेव्हा दोन काका उठून गेले.

नॉर्मल होवो की सिझर, घरी निघताना बिल भरायच्या खिडकीवर थांबू नका, आधी ऑपरेशनची किंवा बाळंतपणाची पूर्ण नोंद मागा. छेद कसा होता, चिकटलेलं किती होतं, टाका आतून कसा दिसला, रक्त किती गेलं, सगळं त्यात असतं. माझ्या दुसऱ्या कागदावर लिहिलंय की जुना टाका आतून पातळ झाला होता. मी ते पान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात लेकीच्या जन्मदाखल्याच्या खाली ठेवलंय आणि नवऱ्याच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो आहे.